जर, तर आणि नाहीतर : खेळातल्या आज्ञांची हजार वर्षे

मराठी घरात मुलाला शिस्तीचा पहिला धडा बहुधा एकाच घाटाच्या वाक्यातून मिळतो. दूध संपवलेस तर खेळायला जा, नाहीतर इथेच बस. या छोट्याशा वाक्यात एक अट आहे, अट पुरी झाल्यावर करावयाची कृती आहे आणि ती पुरी न झाल्यास उरणारी दुसरी वाटही आहे. ‘नाहीतर’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो ‘नाही’ आणि ‘तर’ यांचा सांधा आहे, याकडे लक्षही जात नाही. धार-देवासकडच्या घरांत हेच वाक्य अंगणात ‘वरना’ होऊन हिंदीत जाते आणि माजघरात पुन्हा ‘नाहीतर’ होऊन मराठीत येते. शब्द बदलतात, घाट बदलत नाही.

संगणकावर जे खेळ आज घरोघरी चालतात त्यांचा कणा हाच घाट आहे. खेळातील चित्रे, आवाज, पळापळ हा झाला देखावा. त्या देखाव्यामागे एक लिखित संहिता असते. नाटकाच्या संहितेत जसे कोणी केव्हा प्रवेश करावा आणि केव्हा विंगेत जावे हे लिहिलेले असते, तसे या संहितेत कोणते दार कोणत्या अटीवर उघडेल, राक्षस किती वेळा वार करील, पात्र कुठे थांबेल हे लिहिलेले असते. अशा संहिता लिहिण्यासाठी ज्या भाषा घडल्या त्यांना ‘स्क्रिप्टिंग भाषा’ म्हणतात. अशा भाषेत कामाचा ओघ वळवणाऱ्या आज्ञा मोजक्याच असतात : अट घालणारी, आवर्तन करणारी, उडी मारायला सांगणारी, थांबवणारी. या चार-पाच आज्ञांचा इतिहास मात्र संगणकाहून पुष्कळ जुना आहे, आणि त्यातले एक महत्त्वाचे पान आपल्या धारेत लिहिले गेले आहे.

भोजराजाची शय्या

परमार राजा भोज सुमारे इ. स. १०१० ते १०५५ या काळात धारेहून राज्य करीत होता. त्याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या संस्कृत वास्तुग्रंथात ८३ अध्याय आहेत. नगररचना, राजवाडे, मूर्ती, चित्रे असा त्याचा विस्तार असून ३१वा अध्याय यंत्रांना वाहिलेला आहे. यातली बरीचशी यंत्रे करमणुकीची आहेत. तालावर नाचणाऱ्या आणि दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या आहेत, पाणी पिणारा हत्ती आहे, दारावर पहारा देणारे लाकडी पुरुष आहेत. एक शय्या तर अशी वर्णिली आहे की माणूस खालच्या मजल्यावर तिच्यावर निजला की रात्रीच्या दर प्रहराला ती एकेक मजला वर सरकते आणि शेवटी पाचव्या मजल्यावर जाऊन पोहोचते.

ही शय्या प्रत्यक्षात चालली की नाही हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे वर्णनच बोलके आहे. प्रहर झाला की एक मजला चढ, पाचवा मजला येईतो हेच कर, मग थांब. आजच्या कोणत्याही खेळाच्या भाषेत मोजून आवर्तन करणारी जी आज्ञा असते तिचा हा नेमका आराखडा होय. आवर्तनाला प्रारंभ हवा, पाऊल हवे आणि शेवट हवा, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

भोजाने यंत्रांचे जे प्रकार केले तेही लक्षात घेण्याजोगे आहेत. काही यंत्रे स्वयंवाहक, म्हणजे आपल्या आपण चालणारी. काही सकृत्प्रेर्य, म्हणजे एकदा चालना दिली की पुढचे काम करणारी. काहींची चालना आत दडलेली, तर काहींची दूर ठेवलेली. यंत्राचे गुण सांगताना त्याने मजबुती, गुळगुळीतपणा, दीर्घकाळ टिकणे यांच्या जोडीला आणखी काही गुण सांगितले आहेत : लय आणि ताल यांना धरून चालणे, हव्या त्या वेळी काम दाखवणे आणि काम झाले की पुन्हा निवांत स्थितीला येणे. नुसती गती असणे पुरेसे नाही, गतीला वेळेचे आणि थांब्याचे भान हवे, हा विचार धारेत जवळजवळ हजार वर्षांपूर्वी मांडला गेला होता.

पण त्याच अध्यायात भोज असेही सांगतो की यंत्रांची जोडणी आपण पूर्णपणे सांगितलेली नाही. ती आपल्याला ठाऊक नाही म्हणून नव्हे, तर गुप्त राहावी म्हणून. सर्वांना कळले तर कौतुक उरत नाही, असा त्यामागचा विचार. परिणाम काय झाला? ज्या कारागिरांना जोडणी ठाऊक होती ते गेले आणि त्यांच्याबरोबर जोडणीही गेली. मागे राहिली ती वर्णने, तीही हस्तलिखितांच्या नकला होता होता जागोजागी बिघडलेली. हा ग्रंथ छापून जगापुढे आला तो १९२४-२५ साली, सयाजीराव महाराजांच्या बडोद्यातील गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, त्रावणकोरच्या टी. गणपतिशास्त्री यांच्या संपादनाने. माळव्याच्या राजाचा ग्रंथ, केरळचा पंडित आणि गुजराती मुलखातले मराठी संस्थान, असा हा योग आहे. द्विभाषिक मुलखांनी एकमेकांचा ठेवा कसा जपला याचे ते एक उदाहरण म्हणता येईल.

सापाच्या तोंडी

यंत्राखेरीजही आज्ञा चालवता येते, हे आपल्याला सोंगट्यांच्या पटाने शिकवले. मोक्षपट हा खेळ महाराष्ट्रात परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. ते कर्तृत्व परंपरेचे मानले, तरी १८व्या शतकापासूनचे असे पट पश्चिम भारतात आढळतात. ज्ञानचौपड हे त्याचेच भावंड असून जैन पटांवर बहुधा ८४ आणि वैष्णव पटांवर ७२ घरे असतात. घरांना सद्गुणांची, दुर्गुणांची आणि लोकांची नावे असतात. कवड्या टाकायच्या, पडेल तितकी घरे पुढे जायचे, शिडी लागली तर चढायचे, साप लागला तर उतरायचे. १८९०च्या दशकात हाच खेळ इंग्लंडात गेला आणि घरांची नावे झडून नुसते साप आणि शिड्या उरल्या.

साप आणि शिडी म्हणजे निव्वळ उडीची आज्ञा. या घरात आलास तर अमुक घरात जा. का, कसा, हे विचारू नकोस. येथे खेळाचा ओघ कोणाच्या हातात नाही, तो पटावरच लिहिलेला आहे. भोजाच्या बाहुलीत आज्ञा लाकडाच्या पोटात दडलेली होती. मोक्षपटात ती कापडावर उघडी रंगवलेली आहे आणि ज्याला वाचता येते त्या प्रत्येकाला कळते. म्हणून बाहुल्या नाहीशा झाल्या आणि पट टिकला, कारण त्याची नक्कल घरच्या घरी करता येत होती.

फुली-गोळ्याची प्रश्नमाळ

यंत्र आणि लिहिलेली आज्ञा यांची गाठ युरोपात पडली. फ्रान्समध्ये जाकारने १८०४च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून माग चालवला. रेशमावरची नक्षी आता विणकराच्या हातात नव्हती, ती पुठ्ठ्यांच्या माळेत होती. नक्षी बदलायची तर माग बदलायला नको, माळ बदलली की पुरे. इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने हीच युक्ती आपल्या गणितयंत्रासाठी योजली आणि १८४३ साली एडा लव्हलेस यांनी त्या यंत्रावर लिहिलेल्या टिपणांत आवर्तनाचा विचार स्पष्टपणे मांडला.

बॅबेजचे एक कमी माहितीचे स्वप्न आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. १८६४ सालच्या आत्मचरित्रात तो सांगतो की पैसा उभारण्यासाठी फुली-गोळा खेळणारे यंत्र करावे, असे त्याच्या मनात आले होते. ते खेळेल कसे? त्याने प्रश्नांची माळ लावली. डावाची मांडणी नियमाला धरून आहे का? असेल तर, यंत्र हरले आहे का? नसेल तर, ते जिंकले आहे का? नसेल तर, पुढच्या खेळीत ते जिंकू शकेल का? शकत असेल तर ती खेळी करावी. नसेल तर, प्रतिस्पर्धी पुढच्या खेळीत जिंकेल का? जिंकणार असेल तर त्याला अडवावे. आज खेळाच्या भाषेत ज्याला ‘जर, नाहीतर जर, नाहीतर’ अशी शिडी म्हणतात ती हीच. आधीच्या पायरीवर उत्तर मिळाले नाही तरच पुढची पायरी चढायची. पायऱ्यांचा क्रम चुकला तर यंत्र स्वतः जिंकण्याची संधी सोडून दुसऱ्याला अडवत बसेल. आज्ञा बरोबर असून भागत नाही, तिची जागाही बरोबर लागते.

ते यंत्र कधी झाले नाही. पण या प्रश्नमाळेवरून, खेळ खेळणे म्हणजे अटींचा क्रम लावणे, ही गोष्ट कागदावर सिद्ध झाली.

‘जा’ या शब्दावरचा वाद

संगणक आले तेव्हा या सर्व आज्ञांना प्रथमच सुटसुटीत शब्द मिळाले. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत आवर्तनासाठी ‘डू’, अटीसाठी ‘इफ’ आणि उडीसाठी ‘गो टू’ होते. त्यातला पहिला ‘इफ’ गमतीदार होता. तो दुहेरी नव्हे, तिठ्यासारखा होता. आकडा ऋण असेल तर एका वाटेने, शून्य असेल तर दुसऱ्या आणि धन असेल तर तिसऱ्या वाटेने जा. १९६० सालच्या अल्गोल भाषेने ‘जर–तर–नाहीतर’ हा आपल्या बोलण्यातला घाट स्वच्छपणे स्वीकारला. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी बेसिक भाषा तयार झाली. भारतात १९८४ साली शाळांत संगणक साक्षरतेचा केंद्र सरकारचा प्रयोग सुरू झाला तेव्हा तेथील बीबीसी संगणकावर मुले हीच भाषा शिकली. ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक द्यायचे आणि ‘गो टू १०’ म्हटले की पुन्हा पहिल्या ओळीवर, ही त्या पिढीची पहिली जादू होती.

जादूचा अतिरेक झाला. वाटेल तेथून वाटेल तेथे उडी मारता येऊ लागल्याने लांब आज्ञावलीचा गुंता कोणालाच उकलेना. १९६६ साली बोम आणि याकोपिनी या दोघा इटालियनांनी दाखवून दिले की क्रम, निवड आणि आवर्तन या तीनच घाटांत कोणतीही आज्ञावली मांडता येते, उडीची गरज नाही. मार्च १९६८मध्ये डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा याचे ‘गो टू’ची हानी सांगणारे पत्र प्रसिद्ध झाले. त्याला जे गाजलेले शीर्षक मिळाले ते डाइक्स्ट्राचे नव्हे, संपादक विर्थ याचे होते. १९७४ साली डोनाल्ड कनूथने दुसरी बाजू मांडली : काही ठिकाणी उडीच सरळ असते. वाद मिटला नाही, पण शहाणपण आले. मोक्षपटावर पाच-दहा साप शोभतात. प्रत्येक घरात साप असेल तर तो खेळ राहत नाही.

शाहीर थांबतो, झीलकरी उचलतात

खेळाची संहिता यंत्राच्या भाषेपासून वेगळी होऊ लागली ती यानंतर. १९७६च्या सुमारास विल क्राउदर याने फोरट्रानमध्ये गुहेच्या शोधाचा एक शब्दखेळ लिहिला. १९७७ साली डॉन वुड्स याने तो वाढवला. त्यात एक तक्ता होता : अमुक दालनात असताना अमुक शब्द आला तर तमुक दालनात जा, मात्र हाती अमुक वस्तू असेल तरच, किंवा शंभरात इतक्या वेळाच. मोक्षपट पुन्हा अवतरला होता, फक्त त्याच्या शिड्यांना आता अटी होत्या. आणि तो तक्ता मूळ आज्ञावलीबाहेर ठेवलेला होता.

पुढचे मोठे पाऊल १९८७ सालचे. अमेरिकेत लुकासफिल्मच्या खेळ विभागात रॉन गिल्बर्ट आणि त्याचे सहकारी ‘मेनियाक मॅन्शन’ हा खेळ करीत होते. तो यंत्राच्या अवघड भाषेत लिहिण्याऐवजी त्यांनी खेळापुरती एक भाषा घडवली, तिचे नाव ‘स्कम’. पात्राला चालत ने, दार उघड, संवाद बोल, अशा आज्ञा तिच्यात होत्या. पण खरी अडचण वेगळी होती. एका वाड्यात घड्याळ टिकटिकत असते, पात्र चालत असते, कुठे पाणी ठिबकत असते. हे सारे एकाच वेळी. तो लहान संगणक मात्र एका वेळी एकच काम करणारा.

यावरचा तोडगा आपल्याला पोवाड्याने चांगला कळेल. शाहीर चौक गातो आणि ठरल्या जागी थांबतो. झीलकरी सूर उचलतात. ते थांबले की शाहीर जेथे थांबला होता तेथूनच पुढे गातो, पहिल्यापासून नव्हे. दोघे एकाच वेळी गात नाहीत, तरी ऐकणाऱ्याला एकसंध पोवाडा ऐकू येतो. स्कममध्ये ‘ब्रेक-हिअर’ ही आज्ञा हेच करी : येथे थांब, दुसऱ्यांना त्यांची पाळी घेऊ दे, मग येथूनच पुढे चल. ‘स्लीप-फॉर’ म्हणजे इतका वेळ नीज. घड्याळाची संहिता एक ठोका देई आणि थांबे. तेवढ्यात पात्र एक पाऊल चाले आणि थांबे. मात्र एखाद्या आवर्तनात थांबण्याची आज्ञा घालायला लेखक विसरला तर सारा वाडा जागच्या जागी गोठे, कारण एकाने सूर धरून ठेवला की दुसऱ्याला पाळीच मिळत नाही. काम झाले की निवांत स्थितीला येणे हा भोजाने सांगितलेला गुण किती नेमका होता हे येथे पटते.

रिओमधला चंद्र

आज खेळांच्या जगात फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी संहिता-भाषा अमेरिकेत जन्मली नाही. तिचे नाव ‘लुआ’. १९९३ साली ती ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रॉबेर्तो येरुसालिमस्की, लुईस एन्रिके द फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी तयार केली. १९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलने परदेशी संगणकसामग्रीवर कडक निर्बंध ठेवले होते, त्यामुळे हवी ती साधने घरीच घडवण्याची सवय तेथे लागली होती. पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीच्या अभियंत्यांसाठी या मंडळींनी आधी दोन लहान भाषा केल्या होत्या. त्या नुसत्या माहिती मांडण्याच्या होत्या, पण वापरणाऱ्यांना लवकरच अट हवी झाली, आवर्तन हवे झाले. दोन्ही एकत्र करून पुरी भाषा करायचे ठरले. दोहोंतल्या एकीचे नाव ‘सोल’, म्हणजे पोर्तुगीजमध्ये सूर्य. म्हणून नवीचे नाव ‘लुआ’, म्हणजे चंद्र. गोव्यातल्या जुन्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

तेलविहिरींसाठी केलेली ही भाषा खेळांत गेली ती तिच्या लहानपणामुळे. लुकास आर्ट्सच्या ब्रेट मोगिलेफ्स्कीने १९९८ सालच्या ‘ग्रिम फँडँगो’त स्कमऐवजी लुआ वापरली. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये खेळणाऱ्यांनाही लुआत आपल्या सोयी लिहिता आल्या. आज मुले ज्या ‘रोब्लॉक्स’वर खेळतात तेथील खेळ लुआच्याच एका शाखेत लिहिले जातात.

लुआच्या ५.४ या आवृत्तीत राखीव शब्द अवघे २२ आहेत. त्यांतले ओघ वळवणारे पाहिले तर आपलीच शब्दकळा समोर येते : जर, तर, नाहीतर, नाहीतर जर, जोवर–तोवर, अमुक होईपर्यंत पुन्हा कर, प्रत्येकासाठी, तोड, परत जा, आणि संपले. या आज्ञाही एकदम आल्या नाहीत. मोजून आवर्तन करणारी ‘फॉर’ आली २००० साली. शाहीर-झीलकऱ्यांची पाळी २००३ साली आली. आणि ज्या ‘गो टू’ला १९६८ साली घराबाहेर काढले होते ते २०११ साली, मोजक्या मर्यादा घालून, पुन्हा आत आले. २००३पासून ही भाषा अत्यंत मोकळ्या परवान्याखाली सर्वांना खुली आहे. तिची जोडणी कोणीही वाचावी, बदलावी. भोजाच्या गुप्ततेचे हे नेमके दुसरे टोक होय.

गंधवानीपर्यंत

मग हे शब्द इंग्रजी का, असे कोणी विचारील. रिओच्या तिघांची मायबोली पोर्तुगीज; तरीही त्यांनी ‘इफ’ आणि ‘व्हाइल’ हेच शब्द ठेवले. यातून एक बोध घेता येतो. २२ शब्दांचे पाठांतर ही अडचण नव्हेच. अवघड असते ते अट नीट मांडणे, आवर्तनाला शेवट देणे, थांब्याची जागा ओळखणे. आणि हे माणूस आपल्या बोलीतच शिकतो. ‘जोवर–तोवर’, ‘जसा–तसा’, ‘ज्या वाराचा–त्या गावचा’ अशा जोडवाक्यांची सवय ज्या मुलाला आहे त्याला आवर्तन शिकवावे लागत नाही, फक्त दाखवावे लागते. मराठी, हिंदी, माळवी, निमाडी, भिली, या साऱ्या बोलींत हा घाट आहे. आणि दोन भाषांत वाढणारे मूल शब्द आणि अर्थ यांची फारकत लहानपणीच अनुभवते.

धारेच्या नैर्ऋत्येला गंधवानी आहे. त्या आदिवासी मुलखात होळीपूर्वीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट भरतात. नियम असा की ज्या गावचा आठवडी बाजार ज्या वारी, त्या गावचा भगोरिया त्या वारी. सात दिवसांसाठी, प्रत्येक गावाला, वार जुळला तर हाट, नाहीतर पुढचे गाव. होळी पेटली की संपले. आवर्तन, आवर्तनाच्या पोटात आवर्तन, अट आणि शेवट, सगळे येथे आहे. कोणत्याही पुस्तकातून न शिकता पिढ्यान्‌पिढ्या लोक हा क्रम चालवीत आले आहेत.

आपल्या घरांत सध्या एक काळजी बोलली जाते. मुले मराठी वाचत नाहीत आणि दिवसभर मोबाइलवर खेळतात. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या नाहीत. मूल खेळते तेव्हा ते दुसऱ्या कोणीतरी लिहिलेल्या ‘जर’ आणि ‘तर’मधून धावत असते. त्याच मुलाला एकदा ते ‘जर’ आणि ‘तर’ स्वतः लिहायला बसवले तर काय लिहायचे हा प्रश्न उभा राहील, आणि त्याचे उत्तर त्याला घरातूनच शोधावे लागेल : आजीच्या कहाणीतून, मोक्षपटाच्या घरांतून, मांडूच्या वाटांतून, भगोरियाच्या हाटातून. भोजराजाने जोडणी सांगितली नाही, त्यामुळे त्याची शय्या कोणत्या मजल्यावर थांबली हे आता कळणे नाही. आपल्या मुलांच्या हातात जी भाषा आहे तिची जोडणी उघडी आहे. ती वाचायची की नुसते खेळत राहायचे, ही अट मात्र ज्याची त्याने पुरी करायची आहे.